काचेवरची फुली

बुधवार, ता. ९
दुकानाचा माळा, जेवणाची सुट्टी

आदरणीय मिस्त्रीकाका,

साष्टांग नमस्कार. पत्रातून घालतोय, तेव्हा नेहमीसारखे पाय मागे घेता येणार नाहीत तुम्हाला.

इकडे सगळं ठीक. तिकडे तुमची तब्येत बरी असेल, लेक-जावई मजेत असतील, नातीचे पुढचे दात आले असतील.

फोन करायचा सोडून पत्र कशाला, असं म्हणाल. फोनवर तुम्ही दुसऱ्याच वाक्याला ‘बरं बरं, ठेवतो’ म्हणता. मला जे सांगायचंय ते दोन वाक्यांत मावत नाही, आणि मध्येच तोडलं की माझं डोकं फिरतं. ते कसं फिरतं हे तुम्हाला माहीत आहे. कॉलेजात प्राध्यापक एका नापास पोराला भर वर्गात म्हणाले, “तुझ्या नशिबातच विद्या नाही.” मी उठून म्हटलं, “सर, शिकवणं तुमच्या नशिबात नसेल असंही असू शकतं.” तिथून निघालो तो थेट तुमच्या हाताखाली काच पुसायला. घरचे अजून या प्रकाराला वाटोळं म्हणतात. मी बढती म्हणतो.

दुकानाची बातमी अशी, की तुमच्या जागी नवा मिस्त्री आलाय. ओळंबा त्याला आजोबांच्या काळातला वाटतो. मोबाइल भिंतीला टेकवून लेव्हल बघतो. परवा एका बाईंकडे आरसा बसवला तो पाव इंच पुढे कलता. मी मनात म्हटलं, आता बसतील शिव्या. बाईंनी आरशात पाहिलं, आपण बारीक दिसतो म्हणाल्या आणि आम्हाला चहा पाजला. चांगल्या कर्माचं फळ चांगलं मिळतं म्हणतात ना, ते असं.

कर्मावरून आठवलं. ध्यान केंद्रात आपण बसवलेली ती काच आठवते ना तुम्हाला? (हे मी वाकड्या अर्थाने विचारलं नाही. आठवत असेलच.) दहा फूट बाय आठ, बारा एमएमची, सभागृह आणि व्हरांडा यांच्या मधली. गुरुजी ‘डोळे उघडे ठेवून जगा’ या विषयावर तासभर बोलले, उठले, मोकळ्या हवेसाठी व्हरांड्याकडे निघाले आणि सरळ काचेत गेले. काचेला ओरखडा नाही. नाक दोन ठिकाणी फुटलं.

त्या नाकाचं पुढे काय झालं हे तुम्हाला कुणी कळवलं नसेल. काका, गुरुजींना ज्ञान झालं! म्हणजे तसं ते म्हणतात. आपटले त्या क्षणी आत लख्ख प्रकाश दिसला. मी आमच्या दवाखान्यातल्या कंपाउंडरला विचारलं, तो म्हणाला, नाकावर आपटलं की सगळ्यांनाच दिसतो. पण कंपाउंडरच्या व्याख्यानाला कोण येतं? गुरुजींची आता दर आठवड्याला ‘काचेपलीकडे’ अशी व्याख्यानं चालू आहेत. पूर्वी चाळीस माणसं असायची, आता व्हरांड्यातही बसतात. जाताना काचेला कपाळ टेकवतात. त्यामुळे काचेवर बरोब्बर पाच फुटांच्या रेषेत तेलकट डागांची माळ होते, आणि ती पुसायला दर शनिवारी मी.

एका शनिवारी शिडीवर होतो आणि खाली प्रश्नोत्तरं चालली होती. एक रिटायर्ड बस ड्रायव्हर आहेत, त्यांनी विचारलं, “गुरुजी, आपल्यासारख्याचं नाक फुटावं असं आपण केलं तरी काय असेल?”

गुरुजी म्हणाले, “मागच्या जन्मी मी कुणाला तरी ढकललं असेल.”

“मग त्यानेही त्याच्या मागच्या जन्मी कुणाला ढकललं असेल, म्हणून तुम्ही त्याला ढकललंत?”

“अगदी बरोबर.”

“मग पहिल्यांदा कोणी ढकललं?”

गुरुजी हसले. “हा प्रश्न मनाला पडतो, आत्म्याला पडत नाही.”

मी वरून म्हटलं, “मग नाकाला विचारून बघा.” ड्रायव्हर एकटेच हसले. बाकीच्यांनी माझ्याकडे असं पाहिलं, की पुढचा जन्म माझा पालीचाच.

मला हे कर्माचं शास्त्र पटत नाही काका, पण सोयीचं फार आहे. कुणाचा पाय मोडला, कुणाची नोकरी गेली, की ‘त्याचं प्रारब्ध’ म्हणायचं आणि आपण जेवायला बसायचं. रांगेत प्रत्येक जण पुढच्याकडे बोट दाखवतो, तो त्याच्या पुढच्याकडे, आणि रांगेचं तोंड कुणालाच दिसत नाही. आयुष्याचा अर्थ काय, हे मला विचारलंत तर मला ठाऊक नाही. गुरुजींना ठाऊक आहे, असं ते सांगतात. पण त्यांना समोरची काच दिसली नाही.

आता हजेरीबद्दल. तिच्याबद्दल लिहिणार नव्हतो, पण न लिहिता राहिलो असतो तर तुम्हीच म्हणाला असता, पोरगं आजारी आहे. केंद्राच्या दारातल्या टेबलावर येणाऱ्याजाणाऱ्याची नावं लिहिणाऱ्या मुलीला हे नाव तुम्हीच ठेवलंत, म्हणून लिहितो, नाहीतर माझ्या मनात तिची वेगळी नावं आहेत. ती अजून कानामागे पेन्सिल खोचते आणि ती पेन्सिल सगळीकडे शोधते. मी नवव्यांदा आत गेलो तरी मान वर न करता विचारते, “नाव?” मी दर वेळी पूर्ण नाव सांगतो, आडनावासकट, वडिलांच्या नावासकट. तेवढंच एक वाक्य जास्त बोलणं होतं.

मालक हाका मारतायत. उरलेलं नंतर.


गुरुवार, सकाळ

काल इथवर लिहिलं ते आज वाचून पाहिलं. चांगलं जमलंय. दोन पानं भरली आणि ज्यासाठी लिहायला बसलो ते एका अक्षरानेही आलेलं नाही. ‘इकडे सगळं ठीक’ हे वरचं वाक्य खोडत नाही, पण ते धरू नका.

गेल्या आठवड्यात तुमचे जावई दुकानात आले होते, तुमची हत्यारांची पेटी न्यायला. मी ती पेटी रिक्षापर्यंत उचलून दिली. वाटेत विचारलं, काका कसे आहेत? ते म्हणाले, “शरीरानं उत्तम. पण स्वतःवरचा भरवसा गेलाय. गॅस बंद केलाय का, हे चारदा उठून बघतात. सकाळी काय खाल्लं ते कागदावर लिहून ठेवतात. आणि आता नातीला शाळेतून आणायला जात नाहीत. म्हणाले, तिला वाटेत कुठे विसरून आलो तर?”

रिक्षा निघून गेली. मी तिथेच उभा. एका स्कूटरवाल्याने माझ्या सात पिढ्यांची विचारपूस केली तेव्हा बाजूला झालो.

काका, फुली तुम्ही मारली होती.

नवी काच बसली की चुन्यात बोट बुडवून तिच्यावर मोठी फुली मारायची, आणि काम ताब्यात देईपर्यंत तिला कुणी हात लावायचा नाही. तुमचा मला पहिला धडा हा होता. “काच दिसू नये हे आपलं काम,” तुम्ही म्हणाला होतात, “आणि ती दिसावी हीसुद्धा आपलीच जबाबदारी.” त्या दिवशीही तुम्ही फुली मारलीत. मी डोळ्यांनी पाहिली. खांद्यापासून गुडघ्यापर्यंत मोठी, तुमच्या पद्धतीने डावी रेघ आधी. मग तुम्ही टेम्पोतून रबराची पट्टी आणायला खाली गेलात. मी वर एकटा. आणि जिन्यावरून हजेरीचा आवाज आला, ती कुणाशी तरी बोलत वर येत होती.

मला वाटलं, तिनं ती काच बघावी. म्हणजे बघूच नये. इथे काही आहे की नाही हेच तिला कळू नये, आणि मग मी बोटाने टकटक करून दाखवावं. ओलं फडकं हातात होतं. दोन फटक्यांत फुली साफ.

ती अर्ध्या जिन्यातून परत गेली. फोनवर बोलत होती. त्याच मिनिटाला व्याख्यान संपलं आणि गुरुजी आले.

पुढचं तुमच्यासमोर झालं. मालकांनी धावत येऊन विचारलं, फुली कुठाय? तुम्ही कपाळाला हात लावलात. “मारली असेन,” म्हणालात. मग म्हणालात, “नाही, नसेन मारली. हल्ली काही सांगता येत नाही.” मी तुमच्या मागे उभा होतो. फडकं हातातच होतं, ओलं, चुन्याने पांढरं झालेलं. कुणीही मागे वळून पाहिलं असतं तर मी तिथेच बोललो असतो, असं मी स्वतःला पुष्कळ दिवस सांगितलं. कुणी वळलं नाही. मालक म्हणाले, “काका, आता बास करा.” तुम्ही चुन्याचा डबा झाकण लावून माझ्या हातात दिलात आणि घरी गेलात.

यानंतर मला गुरुजींचं तत्त्वज्ञान फार आवडायला लागलं. त्यांचं नाक त्यांचं प्रारब्ध, तुमचं वय तुमचं प्रारब्ध, मी आपला मधला वारा. तीन आठवडे या गादीवर मी छान झोपलो. वरून गुरुजींची टिंगलही करत होतो, म्हणजे मी त्यांच्यातला नाही असं मला वाटावं.

जावई येऊन गेल्यावर आधी मी गुरुजींकडेच गेलो. खरं सांगतो, सगळ्यांत सोपा माणूस म्हणून गेलो. भर सभेत उठून म्हटलं, “गुरुजी, काचेवर खूण होती. ती मी पुसली.”

ते प्रेमाने म्हणाले, “बाळ, तू नाही पुसलीस. ती पुसली गेली.”

“माझ्याच हाताने.”

“हात फक्त निमित्त. करणारा तू नव्हेस.”

“मग तुम्ही नाक घेऊन डॉक्टरकडे का गेलात? तेही आपोआप जुळलं असतं!”

दोघांनी मला धरून बाहेर आणलं. गुरुजी मागून सांगत होते, त्याच्यावर रागावू नका, त्याची वेळ आली नाही. काका, मी आयुष्यात पहिल्यांदा कबुली दिली आणि ती माझ्याकडून काढून घेतली! चोर पोलिसांत जाऊन म्हणतोय मी चोर आहे, आणि पोलीस त्याला म्हणतायत, मुळात वस्तूच नव्हती.

हजेरी दारातच होती. तिने सगळं ऐकलं होतं. मनात आलं, आता ती निदान म्हणेल, धाडस केलंस. तिने पेन्सिल खाली ठेवली.

“का पुसलीस?”

मी सांगितलं का ते.

“मी त्या दिवशी वर आलेसुद्धा नाही,” ती म्हणाली. “माझ्या नावावर हे खपवू नकोस. मिस्त्रीकाकांना सांगितलंस?”

“नाही.”

“मालकांना?”

“नाही.”

“म्हणजे ज्यांना सांगून काही बदलणार आहे ते सोडून सगळ्यांना सांगून झालं.” आणि वहीत डोकं घातलं. या वेळी नाव विचारलं नाही.

प्रेमात पडलेल्या माणसाने असलं वाक्य ऐकून विझायला हवं. मी जास्तच पेटलो. पण ते माझं मी बघेन, त्याचा भार तुमच्यावर नको.

मंगळवारी मालकांना सांगितलं. त्यांनी आधी हातातला चहा खाली ठेवला. मग मला दुकानाबाहेर काढलं. मग पाच मिनिटांनी परत आत बोलावलं, कारण शिव्या द्यायच्या राहिल्या होत्या. त्या सगळ्या मी घेतल्या, एकही दारात ठेवली नाही. मग ते स्टुलावर बसले आणि बराच वेळ काचेचे तुकडे पायाने गोळा करत राहिले. म्हणाले, “चौतीस वर्षांत एकदाही फुली विसरला नाही तो माणूस. आणि मी एका मिनिटात मानलं, विसरला म्हणून.” फोन उचलला, ठेवला. मला म्हणाले, “तू बिघडवलंस, तूच लिही. माझं मी तोंडाने बोलेन त्याच्याशी.” वर्षभर मला काच बसवायला बंदी आहे. उचलायची, झाडायचं, एवढंच. योग्य आहे.

तुमची माफी मागत नाही. मागितली की तुम्ही लगेच ‘जाऊ दे रे पोरा’ म्हणाल आणि ते जाईल. इतक्यात जायला नको आहे मला ते. तुमच्या डोक्यात काहीही बिघडलेलं नाही. ते कागद फाडा. गॅस एकदा बघा, जसे सगळे बघतात. पत्र मिळेल त्या दिवशी नातीला आणायला जा, आणि कुणी म्हणालं ‘काका, जमेल ना?’ तर हे पत्र त्यांच्या हातात द्या. मोठ्याने वाचलं तरी चालेल, हजेरीचा भागसुद्धा.

सोमवारी आठ वाजता टेम्पो तुमच्या दाराशी येईल. चपलांच्या एका दुकानाची दर्शनी काच बसवायची आहे, चौदा फुटांची, आणि मालकांनी नव्या मिस्त्रीला स्पष्ट सांगितलंय की ही तुझी नाही. पुढे ड्रायव्हरशेजारी तुमची जागा. मी मागे काचेपाशी उभा असेन. माझं तोंड बघायचं नसेल तर वळू नका. बोलायचं असेल तर मधली खिडकी उघडी ठेवायला सांगतो, मागे सगळं ऐकू येतं. आणि यायचंच नसेल तर टेम्पो रिकामा परत पाठवा. मी दर सोमवारी आणेन.

गुरुजी काहीही म्हणोत,
करणारा मीच.