बिनचरबीचे बीन्स

९ सप्टेंबर, मंगळवार
चर्चच्या तळघरातल्या आहाराच्या क्लासला गेलो. बायकोने, म्हणजे वनेटाने, ओढून नेलं. क्लासला बसलं की भाजीचा खोका मिळतो, आणि माझी नोकरी होती ती खाण बंद पडल्यापासून सरकारी फूड कार्डावरचं सामान महिनाअखेरीपर्यंत पुरत नाही. बाकी मला शिकण्यासारखं काही नव्हतं. बावन्न वर्षं जेवतोय मी.
शिकवणारी मिस हॅडली. आमच्या मुलीच्या वयाची. म्हणाली, डुकराचं बेकन तळून उरलेली चरबी बीन्समध्ये घालू नका. आमच्या डोंगरात शेगडीजवळ त्या चरबीचा डबा नसलेलं घर दाखवा! कुणाच्या तरी आजीला शिवी दिल्यासारखे सगळे तिच्याकडे बघायला लागले.

१६ सप्टेंबर
मोठी बातमी. क्लास संपताना आमच्यातल्याच एकाला मदतनीस म्हणून नोकरीवर घेणार आहेत. गावातली माणसं गावातल्या माणसाचंच ऐकतात, असं मिस हॅडली म्हणाली, आणि माझ्याकडे बघितलं. वनेटाच्या मते माझ्या मागच्या घड्याळाकडे.
निश्चय: चरबी बंद. आजपासून.

१७ सप्टेंबर
चरबी बंद करण्याआधी डबा संपवायला हवा. अन्न वाया घालवू नये, हे क्लासमध्येच शिकवलंय.

२३ सप्टेंबर, रात्रीचं जेवण झाल्यावर
वनेटाने बीन्स केले होते. काय चव! तिला म्हटलं, ही चव चरबीशिवाय येते का, सांग तुझ्या मिस हॅडलीला. ती म्हणाली, तू म्हणशील तसं, डेल्बर्ट. आणि आणखी वाढलं. बाईला पटलंय.

३० सप्टेंबर
आज प्रत्येकाने घरून बिनचरबीचे बीन्स करून न्यायचे होते. वनेटाला स्वयंपाकघरातून बाहेर काढलं आणि एकट्याने केले. बीन्स, पाणी, मीठ. चाखले. खाणीतली खडी उकडून खाल्ल्यासारखं वाटलं. मग एक चमचा घातला. एकच. तो एकटा पडू नये म्हणून आणखी एक.
क्लासमध्ये माझं भांडं सगळ्यांच्या आधी रिकामं! मिस हॅडलीने विचारलं, यात घातलंय तरी काय? मी म्हणालो, संयम. दोघीतिघींनी लिहून घेतलं.

७ ऑक्टोबर
पुढच्या मंगळवारी वरच्या ऑफिसातून मिसेस क्रॅडॉक येणार. मी सगळ्यांसमोर बीन्स करून दाखवायचे. नोकरी माझीच, आता फक्त सोपस्कार राहिलेत. आरशासमोर उभा राहून छातीवर बिल्ला कुठे लावायचा ते ठरवलं.
विनोद बाजूला. ही नोकरी मला मनापासून हवी आहे. सकाळी उठून कुठेतरी जायचं, आणि तिथे कुणीतरी आपली वाट बघत असायचं. दोन वर्षं तसं काही नाही.

१४ ऑक्टोबर
मैदान मारलं.
कॉफीच्या थर्मासमध्ये वितळलेली चरबी नेली होती. सगळ्यांच्या देखत ओतायची कशी, हा प्रश्न होता. भांडं उकळायला लागल्यावर मी म्हणालो, आधी देवाचे आभार मानू. चर्चच्या तळघरात नको कोण म्हणणार? सगळ्यांनी डोळे मिटले. प्रार्थना मीच म्हणत होतो, म्हणजे वेळ माझ्या हातात. थर्मास रिकामा होईपर्यंत मी राज्यपालांपासून शेजाऱ्याच्या गाईपर्यंत सगळ्यांचं भलं मागितलं.
मिसेस क्रॅडॉकनी दोन वाडगी खाल्ली. नवऱ्यासाठी डबाही भरून घेतला. त्याचं नुकतंच हृदयाचं ऑपरेशन झालंय म्हणे. ते ऐकून मी थर्मासचं झाकण दोनदा घट्ट केलं. सैल असावं.
वनेटा घरी येईपर्यंत पिकअपच्या खिडकीबाहेरच बघत होती. आनंद लपवायची तिची पद्धत.

१५ ऑक्टोबर, दुपार
सकाळी फोन. दोघांनाही तळघरात बोलावलं.
टेबलावर नवऱ्यासाठी नेलेला तो डबा. रात्रभर फ्रीजमध्ये राहिलेल्या बीन्सवर बोटभर जाडीचा पांढरा थर. मी म्हणालो, थंडीने होतं असं, बीन्सचा स्वभावच आहे. मिसेस क्रॅडॉकनी थराला चमचा लावला. चमचा उभा राहिला.
नवऱ्याने खाल्लं नव्हतं. ते ऐकल्यावर मी श्वास सोडला.
मग वनेटा बोलायला लागली. म्हणाली, प्रार्थना एवढी लांबली तेव्हाच मी एक डोळा उघडला होता. याची चूक आहे, पण हा तरी काय करणार बिचारा, चरबीशिवाय चव येते यावर याचा विश्वासच नाही. पहिल्या क्लासपासून घरी मी एक थेंब घातलेला नाही. कांदा लालबुंद परतायचा, लसूण, वर धुरावलेल्या मिरचीची पूड. आणि चरबीचा डबा याच्या डोळ्यांसमोर तसाच ठेवायचा.
मिसेस क्रॅडॉक खुर्ची धरून हसल्या. म्हणाल्या, बाई गं, आमच्याकडेही असलाच एक हट्टी आहे, मला नीट सांग. दोघींचं अर्धा तास चाललं होतं. मी तिथेच उभा होतो.
नोकरी वनेटाला मिळाली.
मी मुळात थकलोच होतो. जबाबदारीचं काम, त्यात गुडघे.

२१ ऑक्टोबर
नवा क्लास. वनेटाला पिकअपने सोडलं. मी बाहेरच थांबणार होतो, पण तिने आत बोलावून सगळ्यांसमोर उभं केलं. म्हणाली, प्रयोग याच्यावर झालाय, बघून घ्या, जिवंत आहे. टाळ्या पडल्या. मी टोपी काढली.
मागून एक म्हातारा ओरडला, पण चरबीची चव ती चरबीचीच, ती कशी लपेल? त्याला म्हटलं, अगदी बरोबर, काका, माझ्या जिभेला कुणी फसवू शकत नाही. वनेटाने माझ्यापुढे दोन वाडगी ठेवली. म्हणाली, ओळख.
दोन्ही चाखली. डाव्या वाडग्यात चरबी, छातीठोकपणे सांगितलं. चांगली दोन चमचे, तीही जुन्या डब्यातली.
वनेटा म्हणाली, दोन्हींत नाही.
तळघर हसून हसून वेडं झालं. म्हातारा उठून पुढे आला आणि त्याने स्वतःसाठी वाडगं मागितलं. वनेटाने त्याला वाढलं, त्याच्या बायकोला वाढलं, मग सगळ्यांनाच. माझ्याकडे बघायला तिला वेळ नव्हता.
मी कोपऱ्यात बसून दोन्ही वाडगी संपवली.