मुक्ताचं ‘येते’

अपूर्व,

दापोली स्टँडवर एसटीतून काढलेला व्हिडिओ काल तू भोपाळच्या कोर्टात दाखवलास. खिडकीतून हात हलवत आपली मुक्ता म्हणते, “येते.” तुझ्या वकिलांनी हिंदीत अर्थ लावला, की मुलगी वडिलांबरोबर खुशीने येतेय. तू गप्प बसलास. मी इथून ऑनलाइन काही बोलेपर्यंत पुढची तारीख पडली.

अरे, तू कोकणातला, अलोऱ्याचा ना? निघताना ‘जातो’ म्हणालास की तुझी आई तुला परत घरात बोलवायची. मुक्ताला तिनेच शिकवलंय. पोर मला सांगत होती, परत येते म्हणून.

ताबा कोणाला मिळायचा तो मिळो. या एका शब्दाचा अर्थ तेवढा तू सांग.

वकीलबाई म्हणतात, पत्र पाठवू नका. नाही पाठवत. पुढच्या तारखेला भोपाळात तुझ्यासमोर उभी राहून विचारीन.

येते.

भार्गवी