बुधवारचा खंड्या

बाई,

तुम्ही पीएच.डी.च्या आम्हा विद्यार्थ्यांना आठवड्यातली एकेक दुपार वाटून दिली होतीत, माझी बुधवारची. पापडीला तुमच्या वाडीत जायचं, केळींपलीकडच्या बावखलाच्या काठी तासभर नुसतं बसायचं. वही नाही, पुस्तक नाही. पाच वाजता तुम्ही कॉलेजातून परतलात की स्वयंपाकघरात चहा घेताना काय दिसलं ते सांगायचं. मला ही थेरं वाटायची. प्रयोग फसत होते, झोप उडाली होती, घास उतरत नव्हता, आणि तुमचं म्हणे तळ्याकाठी बस. मी तो तास वाचनालयात काढायचे आणि पाचला थेट तुमच्या ओट्यापाशी उभी राहून सांगायचे, खंड्या दिसला. खंड्या प्रयोगशाळेतल्या कॅलेंडरवर होता.

मे महिन्यातल्या एका बुधवारी तुम्ही आलं किसता किसता विचारता, "आज काय?" मी म्हणते, खंड्याने मासा धरला. तुम्ही मान हलवता, बशीत उन्हात वाळवलेली दोन सुकेळी ठेवता. त्या दिवशी पुढच्या दारात पाहुणे होते म्हणून मी मागच्या वाटेने निघाले, तर बावखल उपसलेलं. काठावरचा गाळ वाळून भेगाळला होता, म्हणजे तळं रिकामं होऊन कितीतरी बुधवार झाले होते. तुम्ही एका शब्दाने बोलला नव्हतात. मला लाज वाटायला हवी होती, पण काहीच वाटलं नाही. त्या वर्षी कशाचंच काही वाटत नव्हतं. वर्षभराने तुम्ही गेलात, तेव्हाही नाही.

आता मी गाइड आहे, आणि दुसरं काही येत नाही म्हणून मीही मुलांना एकेक दुपार देते. तुमच्या पुतण्याने बावखल राखलंय. विरारहून येणारी एक मुलगी आहे, महिनाभर तिने एक ओळ लिहिलेली नाही, डबा तसाच परत नेते. सगळं सोडून देते म्हणाली. काल तिला विचारलं, वाडीत गेली होतीस का. "गेलेले ना मॅडम. खंड्या दिसला." चार दिवसांच्या पावसाने वाडीत घोट्याएवढा चिखल, आणि तिच्या चपला कोऱ्या करकरीत. मला तुमच्यासारखं गप्प राहता आलं असतं. तुमचं गप्प राहणं माया होती की काय होतं, मला अजून कळलेलं नाही. पण मी त्यानंतरही वाचनालयातच बसत राहिले, बाई. मी म्हटलं, "चल, मला दाखव."

आम्ही काठावर प्लास्टिकचं पोतं अंथरून बसलो. पाण्यावर शेवाळ, दोन डास, बाकी काही नाही.

"मॅडम, इथे काहीच नाहीये," ती म्हणाली.

"नाहीये," मी म्हटलं.

मला शांतबिंत काही वाटलं नाही. बऱ्याच वेळाने तिने डबा उघडला आणि एक पोळी खाल्ली, मग दुसरी. मी तिच्याकडे बघितलं नाही.

हा कागद घडी घालून कपाटात ठेवते. तिला सांगितलं नाही, तुम्हाला सांगते: त्या काठावर मीही काल पहिल्यांदाच बसले.