मोजे घालून दिलेली साक्ष

आई, तुझ्या त्या मोज्यांचा राग अजून गेलेला नाही. तुला जाऊन इतकी वर्षं झाली, माझे केस पिकले, तरी उन्हाळ्यात कुणाच्या चपलेत मोजे दिसले की माझं डोकं फिरतं. बुवापाड्याच्या आपल्या पत्र्याच्या घरात मे महिन्यात पंख्याखालीही बसवत नसे, आणि तू रविवारी चर्चमध्ये उपासनेला निघताना पप्पांचे कंपनीतले जाड खाकी मोजे चढवायचीस. का, तर पायाची जखम मंडळीतल्या कुणाला दिसू नये. आणि ती का दिसू नये, तर तू सगळ्यांसमोर उभी राहून साक्ष दिली होतीस की प्रभूने तुला बरं केलं.

आपल्याकडे काहीही झालं तरी उभं राहून आभार मानायचे, ही तुझी पद्धतच होती. पप्पांच्या कंपनीला टाळं लागलं तेव्हाही तू उठलीस आणि म्हणालीस, "प्रभूने ह्यांना आता घरच्यांसाठी वेळ दिला." पप्पा शेजारी मान खाली घालून बसले होते. त्यांच्याकडे बघायचं तरी होतंस! मग घर चालवायला तू कॅम्प चारच्या बाजारातल्या एका सिंधी शेठकडून जीनच्या पँटी आणून त्यांचे धागे कापायला लागलीस. त्यातल्याच एका पितळी बटणाची टोकदार खीळ तुझ्या तळपायात घुसली. तुला साखर, जखम भरेना. बुधवारची प्रार्थनासभा आपल्या घरी होती, बायकांनी तुझ्या डोक्यावर हात ठेवून प्रार्थना केली, आणि दोन दिवसांनी सूज खरंच उतरली. थोडं थांबशील की नाही? पण नाही. रविवारी लगेच साक्ष, आणि सगळ्यांचं हालेलुया.

सोमवारी जखम पुन्हा वाहायला लागली. मी म्हणते, चल दवाखान्यात. तू कात्री चालवत बसली आहेस, मान वर न करता म्हणतेस, "साक्ष दिलीय मी. आता डॉक्टरकडे गेले तर लोक काय म्हणतील, देव खोटा?" माल न्यायला आलेला शेठसुद्धा वैतागला. "बाई, पैर दिखाओ किसी को. मेरी मम्मी का भी ऐसेही हुआ था." तू त्यालाही साक्ष दिलीस. तो बिचारा गठ्ठा उचलून निघून गेला. मोज्यांतले असे कितीतरी रविवार गेले, शेवटी मी चर्चच्या पाळकसाहेबांकडे गेले. ते आले, खाटेवर बसले, आणि वासानेच त्यांना सगळं कळलं. मोजा काढायला लावून ते म्हणाले, "बाई, देवाची अब्रू राखायचं काम तुम्हाला कुणी दिलं?" तू ताडकन म्हणालीस, "तुम्हीच तर आमेन म्हणालात." ते उठून स्वतः रिक्षा घेऊन आले.

सरकारी हॉस्पिटलात डॉक्टरांनी पाऊल काढावं लागेल असं सांगितलं. ऑपरेशनच्या खोलीबाहेर तू स्ट्रेचरवर होतीस. तुला वाटलं, मी औषधं आणायला गेले आहे. मी परत येऊन तुझ्या डोक्यामागेच उभी होते. तू वर बघत बोलत होतीस, पप्पा रॉकेल आणायला विसरले की बोलायचीस अगदी त्याच आवाजात. "एवढी तुझी बाजू घेतली मी चारचौघांत. उकाड्यात मोजे घालून फिरले तुझ्यापायी. आणि तुला माझा एक पाय सांभाळता आला नाही? बोल ना आता." मग तू रडलीस. तुला रडताना मी त्याआधी पाहिलं नव्हतं. आणि त्यानंतर मंडळीतल्या बायका मोसंबी घेऊन भेटायला आल्या, तर तू उशीला टेकून हसत म्हणतेस, "स्तुती असो, दुसरा पाय राखला त्याने." मी तिथून उठून व्हरांड्यात गेले. तिथे थांबले असते तर सगळ्यांदेखत ओरडले असते.

पुढे तू माझ्याकडे बदलापूरला राहिलीस, कुबडी घेऊन उपासनेला जायचीस, मी जायचं सोडलं. लोक अजून मला सांगतात, तुझ्या आईचा विश्वास कसा दगडासारखा होता. मी हो म्हणते. पण त्यांनी अर्धंच ऐकलंय, आई. तू जखम लपवलीस तसं देवाशी केलेलं ते भांडणही लपवलंस, आणि तेच तर खरं होतं. त्या बाकांवर बसलेल्या किती बायकांच्या घरी काय काय चाललं होतं, तुला माहीत होतं. कुणाचा नवरा पिणारा होता, कुणाचं मूल गेलेलं होतं. त्यांनी एकदा तुला तसं बोलताना ऐकलं असतं तर त्यांनाही मोकळं वाटलं असतं. तू मात्र त्यांना प्रत्येक वेळी आभारच ऐकवलेस, आणि त्या बिचाऱ्या घरी जाऊन स्वतःलाच कमी विश्वासाच्या समजल्या.

एक सांगते. माझ्या ह्यांना अर्धांगवायू झाल्यापासून मी रोज सकाळी प्रार्थना करते. स्तुती मला जमत नाही, मी नुसती भांडते, त्या स्ट्रेचरवर तू भांडलीस तशी. भांडून झालं की ह्यांना उठवून बसवण्याइतकं बळ कुठून तरी येतं. हे मी कुणालाच सांगितलेलं नाही, आणि तू असतीस तर तुला तर मुळीच कळू दिलं नसतं. तू पुढच्याच रविवारी उभी राहून सगळ्या मंडळीला सांगितलं असतंस.