सामानापाशी चार दिवस

बाबा,

मेक्सिकोतल्या त्या चार दिवसांबद्दल लिहायला बसले आहे. तुम्हाला जाऊन आता इतकी वर्षं झाली की तुमचा आवाज आठवायचा तर आधी तुमची शिट्टी आठवावी लागते. परवा तुमच्या नातीचा रेडमंडहून फोन आला होता. तिकडे पाऊस, ही बसमधून ऑफिसला चाललेली, आणि मध्येच म्हणाली, "आई, यू नो, आजोबांबरोबरची ती बीच ट्रिप, दॅट वॉज माय बेस्ट व्हेकेशन एव्हर." मी "हो का" म्हणाले आणि भाजी करपतेय असं सांगून फोन ठेवला. गॅसवर काहीच नव्हतं. तिच्या आठवणीत तुम्ही छत्रीखाली मजेत बसलेले आहात. तुम्हाला तिथं मी बसवलं होतं, ते का आणि कसं, हे आपल्या दोघांशिवाय कोणाला ठाऊक नव्हतं, आणि त्यातलाही एक भाग फक्त मला ठाऊक आहे.

सुरुवात तुम्ही केली होती, हे आधी लिहून टाकते, म्हणजे मग मला माझं लिहिता येईल. नगरपालिकेच्या पोहण्याच्या तलावावर तुम्हाला मीसुद्धा सर म्हणायचं, घरी आल्यावर बाबा. तलावावर तुमचे नियम दोनच. शिट्टी वाजल्याशिवाय उतरायचं नाही, आणि काठावर जो उभा असेल त्याचं ऐकायचं, कारण काठावरच्याला जे दिसतं ते पाण्यातल्याला दिसत नाही. गावातली निम्मी पोरं पाठीला पत्र्याचा डबा बांधून तुमच्या हाताखाली पोहायला शिकली. तेरा वर्षांची असताना मी जिल्ह्याच्या स्पर्धेत दोनशे मीटरला उतरले आणि तिसऱ्या फेरीत दम संपला म्हणून दोरी धरली. बाद झाले. बाहेर आले तेव्हा तुम्ही टॉवेलसुद्धा दिला नाहीत. सगळ्या पोरांसमोर, त्यांच्या आईबापांसमोर म्हणालात, "हिला उद्यापासून कपड्यांपाशी बसवा. तेवढं जमेल तिला." मला वाटलं, रागात बोललात. पण दुसऱ्या दिवशी सकाळी सहाला काठावर खरंच एक लोखंडी खुर्ची मांडलेली होती. अख्खा मे महिना मी त्या खुर्चीवर बसून मुलांचे शर्ट, घड्याळं, चपला सांभाळल्या. माझ्याहून लहान पोरं ओल्या अंगानं यायची आणि "ए, माझी चड्डी दे" म्हणायची, आणि तुम्ही ऐकून न ऐकल्यासारखं करायचात. रोज सकाळी मी एकदा विचारायचे, "सर, उतरू का?" तुम्ही नुसती मान हलवायचात. मी एक दिवसही रडले नाही. जूनमध्ये शाळा सुरू झाली आणि तेव्हापासून आजतागायत मी गुडघ्याच्या वर पाण्यात गेलेले नाही.

आई गेल्यानंतर, दोन हजार पाच साली, तुम्ही एकटेच सहा महिन्यांसाठी अमेरिकेत, शुगर लँडला आमच्याकडे आलात. आलात ते जानेवारीत. आमच्या वसाहतीचा स्विमिंग पूल मेपर्यंत कुलूपबंद असतो, तरी तुम्ही रोज सकाळी फिरायला म्हणून जायचात आणि कुंपणाच्या जाळीला नाक लावून ते हिरवट पाणी बघून यायचात. ते बघून तुमच्या जावयाच्याच डोक्यात आलं की शाळेच्या स्प्रिंग ब्रेकमध्ये बाबांना समुद्रावर नेऊ, चांगल्या, पोहता येईल अशा समुद्रावर. विमानानं अडीच तासांवर मेक्सिकोतलं एक समुद्रकाठचं गाव होतं. मी इंटरनेटवरून त्या गावाजवळच्या पोहायला उत्तम अशा किनाऱ्यांची यादी छापून आणली. तुम्ही ती डिक्शनरी घेऊन वाचलीत आणि जिथं जिथं पाणी शांत आहे असं लिहिलं होतं तिथं पेन्सिलीनं रेघ मारलीत. तुमच्या व्हिसासाठी मी अर्धा दिवस रजा टाकून मेक्सिकोच्या वकिलातीत ताटकळत बसले. ही सगळी धडपड तुम्हाला पोहायला मिळावं म्हणून चालली आहे असं तुम्हाला वाटत होतं, आणि खरं सांगते, तोवर मलाही तसंच वाटत होतं.

निघायच्या चार दिवस आधी डॉक्टर काकांचा मला ऑफिसात फोन आला. इथले आपले हार्टवाले डॉक्टर, महाराष्ट्र मंडळातले सगळे त्यांना काकाच म्हणतात. दोन वर्षांपूर्वी तुमची अँजिओप्लास्टी झाली होती, म्हणून मी तुमचे रिपोर्ट त्यांना दाखवले होते. ते म्हणाले, "अगं, बिनधास्त पोहू दे त्यांना. एव्हरीथिंग इज नॉर्मल. पोहणाऱ्या माणसाला कोरडं ठेवलंस तर तो त्यानंच आजारी पडेल." मी थँक्स काका म्हणून फोन ठेवला आणि बराच वेळ स्क्रीनकडे बघत बसले. पंचवीस वर्षांनी काठावर मी उभी आहे, हे मला ऑफिसच्या खुर्चीत बसल्या बसल्या कळलं, आणि बाबा, मला फार छान वाटलं. संध्याकाळी तुम्हाला सांगितलं, "काका नको म्हणालेत. आणि तुमचा इन्शुरन्स प्री-एक्झिस्टिंग, म्हणजे आधीचं दुखणं, कव्हर करत नाही. मेक्सिकोत तर काहीच कव्हर नाही." इकडच्या आपल्या प्रत्येक घरात आईवडिलांना गप्प बसवायला एवढं पुरतं. लॉन मोअरला हात लावू नका, माळ्यावर चढू नका, प्री-एक्झिस्टिंग आहे. तुम्ही म्हणालात, "बरं. चड्डी घेतो बरोबर. बघू तिथं गेल्यावर."

पहिल्या दिवशी आपण गावातल्याच किनाऱ्यावर गेलो. कोळ्यांच्या होड्या वाळूवर ओढून ठेवलेल्या, झावळ्यांच्या छत्र्या, आणि पाणी इतकं निवांत की परातीत ओतून ठेवल्यासारखं. कैरीच्या फोडींना तिखट लावून विकणारी एक बाई तुम्हाला तिथलेच समजून भराभर काहीतरी बोलली आणि तुम्ही तिला मराठीत सांगितलंत, "नको बाई, दात शिवशिवतात." मग माझ्याकडे वळून विचारलंत, "उतरू का?" मी म्हणाले, "नाही बाबा." तुम्ही लगेच खाली बसलात. मी सगळ्यांच्या चपला, पिशव्या, कॅमेरा, टॉवेल तुमच्याभोवती आणून ठेवले आणि म्हणाले, "सामानावर लक्ष ठेवा." हे वाक्य मी विमानात मनातल्या मनात घोकलं होतं. तुम्ही माझ्याकडे पाहिलं नाहीत. चपला उचलून जोडीजोडीनं ओळीत लावल्यात आणि समुद्राकडे बघत राहिलात.

दुसऱ्या दिवशी होडीतून पलीकडच्या किनाऱ्यावर गेलो. तिथं खडकांच्या रांगेनं लाटा अडतात आणि आत तलावासारखं पाणी होतं, तळाचे मासे दिसतील इतकं स्वच्छ. होडीवाला तुम्हाला 'अबुएलो' म्हणत होता, म्हणजे आजोबा. तुमचे खांदे बघूनच तुम्ही पोहणारे आहात हे त्याला कळलं असावं, कारण हात पुढे करून तो तुम्हाला थेट पाण्यातच उतरवायला निघाला होता. तुम्ही त्याचा हात धरलात आणि मला विचारलंत, "उतरू का?" मी मान हलवली. नुसती मान, तुम्ही हलवायचात तशी. तुमच्या जावयाला राहवलं नाही. "अगं, जाऊ दे ना बाबांना पाच मिनिटं. कमॉन यार." मी म्हणाले, "तू यात पडू नकोस." तुमची नात तेव्हा नऊ वर्षांची. ती पाण्यातून ओरडली, "आई, व्हाय कान्ट आजोबा कम इन?" आणि मी तुम्हाला ऐकू जाईल अशा बेतानं ओरडून सांगितलं, "बिकॉज ही इज टू ओल्ड." ओल्ड म्हणजे काय ते कळायला तुम्हाला डिक्शनरी लागली नाही.

तिसरा दिवस मला सगळ्यात जास्त आठवतो. एका लहानशा खाडीसारख्या किनाऱ्यावर आपण होतो आणि सकाळचं तुमचं विचारणं, माझं नाही म्हणणं उरकलेलं होतं. नात कमरेएवढ्या पाण्यात घाबरून उभी आहे. तुम्ही छत्रीखालून तिला शिकवायला लागता. "पोट वर कर. मान सैल सोड. आकाशाकडे बघ, राणी. बुडत नाहीस तू, मी बघतोय ना." तिला निम्मं मराठी कळत नाही, पण आवाज कळतो. ती पाणी पिते, रडवेली होते, तुमच्या जावयाचा हात धरून ठेवते, आणि तुम्ही म्हणता, "असू दे, असू दे, पुन्हा करू." असू दे. हा शब्द तुमच्याकडे होता, बाबा, आणि मला तो अडतीस वर्षांत एकदाही मिळाला नाही. ती तरंगायला लागली तेव्हा तुम्ही दोन्ही हात वर करून टाळ्या वाजवल्यात. मी तिला म्हणाले, "इनफ. बाहेर ये, जेवायचंय." अकरासुद्धा वाजले नव्हते. ती हिरमुसली, तुम्ही हात खाली घेतलेत, आणि मला जरा बरं वाटलं.

चौथ्या दिवशी तुम्ही हॉटेलातूनच चड्डी घालून, खांद्यावर टॉवेल टाकून आलात. यादीतला पहिल्या नंबरचा किनारा मी मुद्दाम शेवटी ठेवला होता. तुमच्या छातीवरचे केस सगळे पांढरे झाले होते, पण तुम्ही उभे होतात ते अजून शर्यतीला उभे राहिल्यासारखे. "आज शेवटचा दिवस आहे. उतरू का?" असं विचारलंत. आजूबाजूला लोक होते. मी म्हणाले, "बाबा, लहान मुलासारखं करू नका." तुम्ही टॉवेलाची घडी घातलीत, त्यावर बसलात, आणि दुपारपर्यंत तिथून हलला नाहीत.

घरी परतल्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी आपण दोघंच स्वयंपाकघरात होतो. तुम्ही चहा गाळत होतात. वर न बघता म्हणालात, "डॉक्टरांनी मलाही फोन केला होता. जायच्या आधीच. पोहा म्हणाले."

माझ्या हातातला बिस्किटांचा डबा तसाच राहिला. मी विचारलं, "मग उतरला का नाहीत?"

"काठावर तू होतीस."

तुम्ही कप माझ्यापुढे सरकवलात. "तू महिनाभर बसली होतीस. रडली नव्हतीस. मी रोज बघायचो, आज रडेल, उद्या रडेल. म्हटलं, आपल्याला चार दिवस तरी जमतं का बघू." आणि हसलात. अभिमानानं हसलात. एखादं पोरगं पहिल्यांदा पलीकडचा काठ गाठून मागे वळून बघतं ना, अगदी तसे.

मला वाटलं होतं की तुम्हाला कळलं तर तुम्ही शरमाल, नाहीतर चिडाल. तुम्ही तर त्याची स्पर्धा करून टाकलीत, आणि वर जिंकलातसुद्धा. आयुष्यात एकदा तुम्हाला शिक्षा करायला मिळाली होती, तीही माझ्या हातात राहिली नाही. मी इतकी संतापले की माझा आवाज एकदम शांत झाला. म्हणाले, "नाही जमलं तुम्हाला, बाबा. तिसऱ्या दिवशी तुम्ही रडत होतात. मी पाहिलं."

तुमचा हात डोळ्यांकडे गेला. "मी? ते सनस्क्रीन असेल. डोळ्यांत जात होतं."

"सनस्क्रीन नव्हतं. काठावरच्याला दिसतं."

तुम्ही यावर वाद घालणं शक्यच नव्हतं, हे मला माहीत होतं. तुमचाच नियम होता. तुम्ही फक्त एवढंच विचारलंत, "किती वेळ?" मी म्हणाले, "बराच." तुम्ही "बरं" म्हणालात, चहा तसाच सिंकमध्ये ओतलात, कप विसळून पालथा घातलात. पुढे जूनपर्यंत तुम्ही इथं होतात. मेमध्ये पुलाचं कुलूप निघालं. नात हाताला धरून ओढायची, आणि मीच एकदा म्हणाले की जा हवं तर. तुम्ही गेला नाहीत.

पुढच्या वर्षी दिवाळीच्या आधी तुम्ही झोपेतच गेलात. मी गावी पोचले तेव्हा सगळं उरकलं होतं. तुमच्या जागी आलेले सर भेटायला आले. ते म्हणाले, "अमेरिकेहून आल्यापासून सर तलावावर फिरकलेच नाहीत. आम्ही किती बोलावलं. म्हणायचे, आता आपल्याला जमत नाही. मुलीनं पाहिलंय." मुलीनं काय पाहिलं, असं त्यांनी मला विचारलं. मी म्हणाले, "वय झालं होतं त्यांचं," आणि त्यांच्यापुढे चहा ठेवला.

हे पत्र कुठं पाठवायचं नाही, हे बसतानाच ठरलेलं होतं. माफी मागावी असंही ठरवलं होतं. पण लिहिता लिहिता तो मे महिना आठवला, ती लोखंडी खुर्ची आठवली, आणि हात आखडला. तुम्हीही कधी मागितली नाहीत, तेव्हा माफी राहू दे. फक्त त्या तिसऱ्या दिवसाचं सांगते. मी पूर्ण वेळ तुमच्याकडेच बघत होते, तुम्ही कधी रडता याची वाट बघत. तुमचे डोळे कोरडे होते. तुम्हाला जमलं होतं, बाबा.