चंद्राच्या वाटेवरचं चुंबन

३ मार्च १९३७, ब्रनो
सगळं बदललं ते आज संध्याकाळी सात वाजून दहा मिनिटांनी. मी स्वतःच्याच मनगटाचं चुंबन घेतलं — आणि अख्ख्या मोराव्हियानं ते रेडिओवर ऐकलं!

श्रुतिका चंद्रावर निघालेल्या यानाची. कप्तानाचं काम करतो वावेर्का. वय चोपन्न, तोंडाला लसणाचा वास. कप्तानाची प्रेयसी झालीय बोहदाना. काय तो आवाज! दोघं मायक्रोफोनच्या दोन बाजूंना, हातभर लांब. वावेर्का खूण करणार, आवाज मी काढणार. एक बोट — चुंबन. मूठ — स्फोट, म्हणजे पत्र्याचा दणका. दिग्दर्शक टेसार भिंतीपलीकडे बसून फक्त ऐकतात.

५ मार्च
आई म्हणाली, "इंजिनियरिंग सोडलंस ते पत्रे बडवायला? लोकांची पोरं पूल बांधताहेत!" सूप गार होईपर्यंत भांडलो.

१० मार्च
आज दोन चुंबनं. ओलोमौत्सच्या एका बाईनं वावेर्काचा फोटो मागवलाय. माझ्या मनगटाचा मागवा ना! वर बोहदाना त्याला आपल्या डब्यातले कोलाचे, खसखशीचे गोड पाव, भरवते. भरवते!

१७ मार्च
चंद्रावर लग्न. वावेर्कानं बोट वर केलं आणि तिच्याकडे बघून असा हसला, की माझं डोकंच फिरलं. पत्रा उचलला नि धाडकन आपटला. कप्तान जागच्या जागी ठार!

बोहदानानं क्षणात सावरलं — "गेला! माझा कप्तान गेला!"

नंतर टेसार वावेर्कावर उखडले. "मूठ कशी वळलीत? खुणा लक्षात राहत नसतील तर उद्यापासून घरी बसा!" म्हाताऱ्यानं माझ्याकडे एकदा पाहिलं. म्हणाला, "वय झालं, साहेब."

आणि मी गप्प. गप्पच!

१८ मार्च
ट्रामच्या थांब्यावर बोहदानाला गाठलं. प्रेम करतो म्हणून सांगून टाकलं; वावेर्काच्या मत्सरानं पत्रा आपटला, तेही.

"गाढवा, ते माझे बाबा आहेत!"

लोक वशिला म्हणतील, म्हणून ती आईचं माहेरचं आडनाव लावते. टेसारनाही माहीत नाही.

"घर त्यांच्या पगारावर चालतं. सख्ख्या बापाशी प्रेमाच्या गप्पा मारायच्या — मला काय हौस होती? चुंबन तरी तुझं आहे, एवढाच धीर होता."

ट्राम आली. ती चढली. वळूनही पाहिलं नाही.

१९ मार्च
टेसारना सांगितलं — मूठ वळलीच नव्हती.

"कप्तानाला जिवंत करू. बुधवारी वावेर्कांना बोलावतो. तू चालता हो."

"आणि चुंबन कोण घेणार?"

"चालता हो म्हटलं ना!"

बाहेर पडलो. दार आवाज न करता लावलं.