धुराड्यावर ऊन आलं की

बोहिन्य, २० मार्च १९९६

चि. येर्नेय यास अ. आ.

ईस्टरला उलाला घेऊन येतोस, या. अक्रोड भरून गोड पोटिका भाजते. पण लेकीला स्की घालून वरच्या उतारावर नेणार म्हणतोस, तिथं माझं डोकं फिरलं. लुब्ल्यानात राहून विसरलास? एप्रिलचा बर्फ पहाटे दगड, उन्हात लापशी. आतून भिजला की अख्खा उतार सुटून खाली कोसळतो. रेडिओवरचा हवामानवाला मला सांगू नकोस. बाबांचा नियम तोच: आपल्या धुराड्यावर ऊन आलं की ते गाईची घंटा बडवायचे आणि असू तिथून आपण खाली. माथा हाताशी असला तरी. तू रडायचास, मी शिव्या द्यायचे. घंटा गोठ्यातून काढून घासून ठेवलीय. कबूल असेल तरच ये.

जीव आहे म्हणून ओरडते.
ताई

लुब्ल्याना, ११ एप्रिल

ती. ताईस सा. न. वि. वि.

सुखरूप पोचलो. पोटिका वाटेतच संपली, राग मात्र उरलाय. माथा दगड मारला तर लागेल इतका जवळ, आणि तुझी घंटा सुरू! उला म्हणाली, बाबा, ऐकूच आली नाही म्हणू, चला. मी दोन पावलं टाकलीही. पण घंटा थांबेना. आपल्या बाबांचीच चाल, दोन ठोके आणि दम. पाय आपोआप वळले. किती वर्षांनी ऐकली गं!

पण संध्याकाळपर्यंत उतार जागचा हलला नाही. उला विचारते, आत्या उगाच घाबरते का? काय सांगू?

रागावलो तरी तुझाच.
येर्नेय

बोहिन्य, १६ एप्रिल

चि. येर्नेय व उला यांस अ. आ.

नाही सुटला. दुसऱ्या दिवशीही नाही. तुमच्या समाधानासाठी सुटायला हवा होता? बाबांच्या वेळीही बहुतेकदा काही व्हायचं नाही. म्हणून तर चुलीपाशी बसून त्यांना भित्रा म्हातारा म्हणायला आपण शिल्लक होतो. उलाला तेवढं सांग.

आणि चाल कसली रे! घंटा जड आहे, दोन ठोक्यांत हात भरून येतो. एका हातानं वाजवायची, दुसरा डोळ्यांवर धरून उतारावर माणसं शोधायची. तुम्ही वळेनात तेव्हा मी तुम्हाला काय काय म्हणाले ते लिहीत नाही, उला वाचेल. मग दोन ठिपके खाली सरकू लागले, तरी हात थांबेना. बाबाही आपण अंगणात येऊन उभे राहिलो तरी वाजवत असायचे, आठवतं? म्हातारा बहिरा झाला म्हणून आपण हसायचो.

खांदा अजून दुखतोय. पुढच्या वर्षी अंधारातच निघा, माथा गाठा. घंटा मी वाजवणारच.

राग ठेवा, लोभही ठेवा.
ताई